लाजेपायी लपवलेली खाज

घरात कुणाला ताप आला तर सगळ्या घराला कळते. पाठीत उसण भरली तर शेजारीणसुद्धा शेकायची पिशवी घेऊन येते. पण शरीराचा एक भाग असा आहे की, तिथे काही दुखले-खुपले तर माणूस बाथरूमच्या कडीआड अगदी एकटा असतो. गुप्तांगावरील केस काढणे आणि त्यानंतर सुटणारी खाज हा त्यातलाच विषय. कितीतरी स्त्रिया आणि पुरुष हे केस काढतात, पण ते कसे काढावेत हे कुणी कुणाला सांगत नाही. वडील मुलाला पहिली दाढी करायला शिकवतात, आई मुलीला वेणी घालायला शिकवते. हा धडा मात्र ज्याचा त्याने, लपूनछपून आणि चुकतमाकत गिरवायचा!

इंदूरच्या एका मराठी कुटुंबात काही वर्षांपूर्वी लग्न होते. लग्नाच्या गडबडीत ब्यूटी पार्लरमधली मुलगी नवरीला सहज म्हणाली, ‘‘ताई, सगळं स्वच्छ करून घ्या हं!’’ तिला काय म्हणायचे होते ते नवरीला कळले, पण कसे करायचे ते विचारायचा धीर झाला नाही. घर पाहुण्यांनी भरलेले, बाथरूमबाहेर रांग लागलेली. तिने भावाच्या दाढीच्या सामानातले वापरलेले रेझर उचलले, अंगाला लावायचा साबण फासला आणि केस अगदी मुळापासून निघावेत म्हणून उलट्या दिशेने भराभर फिरवले. पाच मिनिटांत काम उरकले.

दुसऱ्या दिवशी आग होऊ लागली. तिसऱ्या दिवशी खाज सुरू झाली. नव्या घरात, नव्या माणसांत, अंगावर जरीची साडी आणि अशा जागी खाज! तिने आधी सुगंधी पावडर लावून पाहिली. मग जंतुनाशकाचे चार थेंब पाण्यात टाकून धुतले, तर डोळ्यांत पाणी आले. शेवटी मैत्रिणीने औषधाच्या दुकानातून एक मलम आणून दिले. दोन दिवसांत खाज थांबली, म्हणून ती ते लावत राहिली. पण मलम बंद केले की खाज दुपटीने परत येई. असे करता करता तिसऱ्या आठवड्यात तिथे दुखरे गळू आले आणि तिला नीट बसताही येईना.

ते कुणाच्या लक्षात आले? नवऱ्याच्या नव्हे, सासूबाईंच्या. मटार सोलायला बसलेली सून एका कुशीवर का बसते, हे त्यांनी दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचे दार लोटून विचारले. सून आधी रडली, मग तिने सांगितले. सासूबाई हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, बाळंतपणाच्या वेळी आमचंही असंच व्हायचं. दवाखान्यात गेलं की आया आधी कोरड्यावरच पातं फिरवायची. पोर मांडीवर आणि खाली नुसती टोचणी! पंधरा दिवस जीव नकोसा व्हायचा. मला वाटायचं, बाळंतपण म्हणजे हे सगळं आलंच. आम्ही बोललो नाही, म्हणून तुम्हीही बोलू नये असं थोडंच आहे?’’ त्याच संध्याकाळी दोघी त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

सासूबाईंनी जे सोसले, ते खरे तर सोसायचे कारणच नव्हते. प्रसूतीपूर्वी केस काढले तर जंतुसंसर्ग टळतो, अशी दवाखान्यांची समजूत होती. १९२२ सालीच अमेरिकेतील डॉक्टरांनी केस काढलेल्या आणि न काढलेल्या बाळंतिणींची तुलना केली होती आणि केस काढल्याने संसर्ग कमी होत नाही असे त्यांना आढळले होते. तरीही ही पद्धत कित्येक दशके चालू राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली ती सोडून देण्याजोग्या पद्धतींत घातली आणि २०१८ साली नैसर्गिक प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढू नयेत, असे पुन्हा सांगितले. शस्त्रक्रियेबाबतही २०१६ सालचा सल्ला असाच आहे. केस काढूच नयेत. अगदी गरज असेल तर यंत्राने फक्त कापावेत, पाते मात्र फिरवू नये. कारण पात्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्यांतून जंतूंना वाट मिळते. म्हणूनच दवाखान्यात जाण्याच्या आदल्या रात्री घरीच ‘तयारी’ करून जाणे शहाणपणाचे नाही.

मग हे केस काढायचे तरी कशाला? डॉक्टरीणबाईंचे पहिले वाक्य हेच होते की, स्वच्छतेसाठी ते काढण्याची गरज नाही. हे केस घाणीचे लक्षण नाहीत. त्यांच्यामुळे नाजूक त्वचेवरील घर्षण कमी होते. रोज साध्या पाण्याने बाहेरचा भाग धुतला की स्वच्छता झाली. ज्याला ठेवायचे त्याने ठेवावेत, ज्याला काढायचे त्याने काढावेत. ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट आहे. नवऱ्याच्या, मैत्रिणींच्या किंवा पार्लरच्या आग्रहाची नव्हे. फक्त आटोपशीर हवे असतील तर लहान कात्रीने किंवा ट्रिमरने थोडे ठेवून कापणे हा सगळ्यांत कमी त्रासाचा मार्ग.

ज्यांना रेझरच वापरायचे आहे, त्यांनी घाई करू नये. केस लांब असतील तर आधी कात्रीने बारीक करावेत, म्हणजे पाते अडकत नाही. मग कोमट पाण्याने आंघोळ करावी. पाचेक मिनिटे पाणी लागले की केस मऊ होतात. त्यानंतर सुगंध नसलेले शेव्हिंग जेल किंवा क्रीम लावावे. रेझर स्वतःचे, धारदार आणि स्वच्छ असावे. एका हाताने त्वचा हलकेच ताणून, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, दाब न देता छोटे छोटे हात फिरवावेत आणि दर वेळी पाते पाण्यात धुवावे. एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नये. केस फक्त बाहेरच्या त्वचेवरचे काढावेत, आतल्या ओलसर भागाजवळ पाते नेऊ नये. शेवटी पाण्याने धुऊन मऊ टॉवेलने टिपून घ्यावे, चोळू नये. रेझर ओल्या बाथरूममध्ये पडू न देता कोरडे करून ठेवावे.

दुसऱ्याचे रेझर कधीही वापरू नये, मग तो सख्खा भाऊ असो की नवरा. रक्ताचा अगदी सूक्ष्म अंश पात्यावर राहिला तरी हिपॅटायटिस बी आणि सी यांसारखे आजार पसरू शकतात. केस काढण्याची क्रीम वापरणाऱ्यांनी आदल्या दिवशी ती हातावर थोडी लावून पाहावी, डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नये आणि आतल्या भागाला लागू देऊ नये.

एवढे करूनही थोडी खाज सुटतेच. त्याचे कारण साधे आहे. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते. तो वर येताना कपड्याला आणि शेजारच्या त्वचेला टोचतो. त्यावरूनच ‘वस्तरा लावला की केस दाट येतात’ ही समजूत निघाली. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञ स्त्रीने पाहणी करून ती खोटी ठरवली. इथले केस कुरळे असल्यामुळे काही केस बाहेर येण्याऐवजी वळून परत त्वचेतच शिरतात आणि तिथे लाल पुटकुळी येते. केसांच्या मुळांशी जंतू शिरले तर त्या पुटकुळीत पू होतो.

खाज सुटली की स्वच्छ, मऊ कापड गार पाण्यात भिजवून, पिळून पाच-दहा मिनिटे ठेवावे. सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर पातळसर लावावे. कोरफडीचा गर बऱ्याच जणांना मानवतो, पण तोही आधी हातावर लावून पाहावा. काही दिवस सैल सुती कपडे घालावेत, घट्ट जीन्स बाजूला ठेवावी, घामाचे कपडे लगेच बदलावेत. नखे कापलेली असावीत आणि खाजवायचा मोह टाळावा. केस आत वळून पुटकुळी आली असेल तर दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या कापडाने शेकावे. सुईने टोकरू नये, पिळू तर मुळीच नये. त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत पुन्हा रेझर लावू नये. तुरटी, लिंबू, आफ्टरशेव्ह, सेंट, सुगंधी पावडर आणि जंतुनाशक द्रावणे यांचे या जागी काहीही काम नाही.

आणि ते मलम? डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहताच कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होते. ते खाज दाबते, म्हणून गुण आल्यासारखे वाटते. पण जास्त दिवस लावले की त्वचा पातळ होते आणि खालचा संसर्ग आतल्या आत फोफावतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. नियम कागदावर असला तरी मलम मागणारा आणि देणारा यांनीही तो पाळायला हवा. सुनेची ट्यूब बंद झाली, गळूवर रीतसर उपचार झाले आणि दोन-अडीच आठवड्यांत तिला आराम पडला.

प्रत्येक खाज केस काढल्यानेच येते असेही नाही. जांघेत कडा उठलेले गोल चट्टे असतील तर ते गजकर्ण असू शकते. रात्री खाज वाढत असेल आणि घरात इतरांनाही सुटली असेल तर ती खरूज असू शकते. दह्यासारखा पांढरा स्राव जात असेल तर आतला बुरशीचा संसर्ग असू शकतो. बारीक मोड किंवा मोत्यासारखे दाणे दिसले तर त्यांवरून पाते फिरवू नये. तो रोग आणखी पसरतो. ताप आला, लाली पसरत चालली, गाठ मोठी होऊन ठणकू लागली किंवा आठवड्यात आराम पडला नाही, तर डॉक्टरांकडे जावेच. मधुमेह असणाऱ्यांनी तर आठवडाभरही थांबू नये.

हे सारे मुलींनाच सांगायचे असेही नाही. वसतिगृहात राहणारा मुलगा मित्राचे रेझर वापरून महिनाभर जांघ खाजवत बसतो, तोही कुणाला सांगत नाही. वयात येणाऱ्या मुला-मुलींना पाच मिनिटे बाजूला बसवून ही माहिती दिली तर आई-वडिलांचा मान कमी होत नाही. उलट, पुढे कधी खरोखर मोठे दुखणे आले, तर ती मुले कुणाच्या ऐकीव मलमाकडे न जाता आधी घरच्यांकडे येतील.