पाठ फिरवू नका, प्लीज!

‘‘मॅडम, नो बॅक! नो बॅक!’’

कँडीच्या श्री दळदा मालिगावात, म्हणजे दंतमंदिरात, माझं स्वागत झालं ते असं. मैत्रीण बुद्धमूर्तीसमोर झकास पोझ देऊन उभी, मी फ्रेम जमवतेय आणि तेवढ्यात पहारेकरी धावत आला. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं हा श्रीलंकेत चक्क अपमान समजतात. २०१२ मध्ये बुद्धमूर्तीचं चुंबन घेतानाचे फोटो काढले म्हणून तीन फ्रेंच पर्यटकांना तिथल्या कोर्टाने शिक्षा सुनावली होती. (ती स्थगित ठेवली, हे त्यांचं नशीब!) आम्ही निमूटपणे सॉरी म्हटलं आणि पुढे सरकलो.

कोलंबोहून साधारण ११५ किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत वसलेलं कँडी ही सिंहली राजांची शेवटची राजधानी. १८१५ मध्ये ती ब्रिटिशांनी घेतली. तळ्याकाठच्या या मंदिरात बुद्धाचा दात जपून ठेवलाय, अशी श्रद्धा आहे. १९९८ मध्ये इथे ट्रकबॉम्बचा स्फोट झाला होता, त्यामुळे गेटवर कडक तपासणी. आपल्यासाठी एक खास धागाही आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या सहा वर्षं आधी, १९५० मध्ये, बाबासाहेब आंबेडकर बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत आले होते.

संध्याकाळच्या पूजेला ढोल सुरू झाले. वरच्या मजल्यावर ही गर्दी! दात काही दिसत नाही. तो एकात एक ठेवलेल्या करंड्यांच्या आत असतो. दार उघडलं, की बाहेरचा सोन्याचा करंडा तेवढा दिसतो, तोही काही सेकंद. रांग थांबत नाही.

माझ्या पुढे पांढऱ्या साडीतल्या एक आजी होत्या. ओंजळीत निळी कमळं, डोळे मिटलेले. माझ्यातली पत्रकार जागी झाली. क्लिक! आणि फ्लॅश बंद करायचा राहिला होता...

आजी दचकल्या. वळून माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, उलट मला नीट दिसावं म्हणून बाजूला सरकल्या. नेमका तेव्हाच मागून लोंढा आला आणि दोघी दारापासून पुढे ढकलल्या गेलो. मी तर पुन्हा रांग लावू शकत होते, पण आजी? कुठल्या गावाहून, किती वर्षांनी आल्या असतील, कुणास ठाऊक. मला सिंहलीतला एकच शब्द येत होता, ‘स्तुती’. म्हणजे थँक्स. सॉरीला काय म्हणतात, हे शिकायचं राहून गेलं होतं. तोवर त्या गर्दीत दिसेनाशाही झाल्या.

रात्री हॉटेलवर फोटो पाहिला. खरं सांगू? ट्रिपमधला सगळ्यात भन्नाट फोटो तोच होता. आधी स्वतःची समजूत घालून पाहिली, ‘एवढं काय त्यात!’ मग डिलीट केला. म्हणूनच तो या पानावर नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचच्या पूजेला पुन्हा गेले. कॅमेरा हॉटेलवर. ढोल तेच, रांगही तशीच. या वेळी मात्र फुलांचा वास आला.

तुम्ही जाणार असाल, तर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, चपला बाहेर काढा, फ्लॅश आधीच बंद करा. आणि हो, सिंहलीत सॉरी म्हणायला शिकूनच जा!