गाडीचं खरं वय

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी वाहणाऱ्या पिकअप गाड्या वरून धडधाकट दिसतात. खाली वाकून पाहिलं की त्यांचं खरं वय कळतं.

बर्फ वितळतो, मासळीचं खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून चासीवर झिरपतं. घाट चढून कोल्हापूर गाठेपर्यंत पाणी सुकतं, पण मीठ मागे राहतं आणि दमट हवा लागली की पुन्हा ओलावतं. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून गंजाला वेग येतो. अ‍ॅल्युमिनियमवर चढणारा थर घट्ट बसून आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, रंग उचलतो, पापुद्र्यांनी गळतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पाडतो.

माझा थोरला भाऊ खेपेहून आला की जेवायच्या आधी गाडी धुतो. गोड्या पाण्याचा पाइप चासीखाली, मडगार्डच्या आत. हौद्याची भोकं तारेनं मोकळी करतो, रबरी चटई उचलून ठेवतो. मे महिन्यात तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन पत्रा चकाकेपर्यंत घासतो. त्याच दिवशी रेड ऑक्साइड, मग काळा रंग. उघडं लोखंड खाऱ्या वाऱ्यात रात्रभर ठेवलं तर सकाळी तांबूस होतं. शेजारचे गाडीवाले खालून जळकं ऑइल फासतात. दादाला ते पटत नाही. त्याला धूळ चिकटते, रबरी बुश फुगतात आणि अंगणात ठिपके पडतात ते वेगळेच.

मी दिल्लीत राहतो. मेहरौलीच्या लोहस्तंभाचा फोटो मी त्याला पाठवला. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यानं संरक्षक थर तयार झाला, असं लिहिलं. उत्तर आलं, ‘‘त्याला वर्षभर मासळी वाहायला लाव, मग सांग.’’

गेल्या वर्षी पुतणीच्या कॉलेजची फी भरायची होती, म्हणून दादानं गाडी विकायला काढली. शेजारच्या गावातला एक तरुण कर्ज काढून घ्यायला तयार झाला. गाडी दाखवण्याआधी दादानं चासी हातोडीनं ठोकून पाहिली. सगळीकडे खणखणीत आवाज, मागच्या पाट्याच्या हँगरजवळ मात्र बद. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आत गेला. रंगारी म्हणाला, ‘‘पुट्टी भरून काळा मारतो, कुणाला कळणार नाय.’’

‘‘घाटात पाटा सुटला तर तुझी पुट्टी धरणार काय?’’ दादा म्हणाला.

त्यानं त्या पोराला गाडीखाली बोलावलं आणि भोक दाखवलं. पोरगा थोडा वेळ तसाच उकिडवा बसला, मग आभार मानून गेला. सौदा मोडला. वहिनीनं बांगड्या गहाण ठेवल्या, फी भरली. कुजलेला भाग कापून नवी जाड पट्टी वेल्डिंग करून घेतली, त्याचे पैसे वेगळे.

गाडी अजून दादाकडेच आहे, बांगड्या डिसेंबरात सुटल्या. यंदा तो पोरगा दुसरी एक जुनी पिकअप बघायला निघाला, तेव्हा दादाला सोबत घेऊन गेला. दादानं जाताना हातोडी घेतली.