येतंय की जातंय

५ नोव्हेंबर २०२४
हलक्या धानाची नदीकडची बांधी मोकळी झाली. भारे उचलून नेले. उद्यापासून मैदान आपलं. दोन धुऱ्यांमधली जागा पावलांनी मोजली. साठ. उतरवायला पुरेल.

६ नोव्हेंबर
गोंदियाच्या फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्ड आणला. ५ एमएम, चार तक्ते. दुकानात उमेदवारांच्या चेहऱ्यांचे गठ्ठे. "काका, कोनाचा प्रचार?" म्हटलं, माझाच. त्यानं न मागता दर कमी केला.

७ नोव्हेंबर
आठला दुकान बंद करून पंख कापायला घेतला. लांबी १२०, रुंदी २० सेंटीमीटर. घडीच्या जागी वरचं कातडं चिरायचं, खालचं राखायचं. पातं किती दाबायचं ते हाताला ठाऊक. तरी दोनदा आरपार गेलं.
ट्यूबलाइटभोवती कडं दिसतं. मळणीची धूळ.

९ नोव्हेंबर
बाजूच्या गावी मंडई झाली. भाचा रात्रभर दंडार पाहून तिथूनच थेट दुकानात. डोळे लाल. त्याला सर्व्हो बसवायला दिले. नऊ ग्रॅमचे चार. दोन पंखांच्या पाळ्यांना, एक शेपटीच्या आडव्या पाळीला, एक उभीला. ओढकाड्या म्हणून सायकलचे स्पोक. विकतच्यापेक्षा सरळ राहतात.

१० नोव्हेंबर
तांदळात सनबोर्डचा भुगा सापडला. हिला सांगितलं, कांदिवलीत अमोल यादवांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा माणसांचं विमान बांधलं, २०१६ ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मांडलं. ही म्हणाली, "गच्चीवर नं? सैपाकघरात तर नाई?"

११ नोव्हेंबर
किराणा दुकानाच्या काट्यावर बॅटरीसकट ७८० ग्रॅम. दुकानदारानं साखरेच्या भावानं पैसे सांगितले.
दोन बोटांवर तोललं, पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटीमीटरवर. शेपूट खाली गेलं. बॅटरी पुढं सरकवली. नाक किंचित झुकलं. असंच हवं.

१२ नोव्हेंबर
पहाटे साडेसहा. धुकं नदीपुरतंच. वारा नाही. भाच्यानं धावत जाऊन फेकलं. एकदा बुडी घेतली, मग चढलं.
चार मिनिटं. हात थरथरत होते. दहा वर्षं झाली, पहिल्या उड्डाणाला अजून थरथरतात.
वरून बिरसीचं शिकाऊ विमान गेलं. डायमंड. तिथली धावपट्टी इंग्रजांनी महायुद्धासाठी बांधली होती, आता देशभरची पोरं तिथं वैमानिक व्हायला येतात. आमच्या डोक्यावर दिवसातून किती फेऱ्या होतात कोणी मोजत नाही. मी मोजायचो, पूर्वी.

१४ नोव्हेंबर
भाच्याला रिमोट दिला. उंचीवर असताना फक्त.
त्याचा गोंधळ नेहमीचाच. विमान आपल्यापासून दूर जात असताना उजवी म्हणजे उजवी. तोंड आपल्याकडं वळलं की उजवी स्टिक दिली तर ते आपल्या डावीकडं जातं. डोकं फिरतं. त्याला युक्ती सांगितली: येताना जो पंख खाली दिसेल, तिकडं स्टिक.
"म्हंजे त्याले टेकू द्याचा."
होय. टेकू.

१६ नोव्हेंबर
पाडलं.
सूर्य समोर होता. पार बांधीच्या टोकाला होतं, काळा ठिपका. मला वाटलं जातंय. येत होतं. दिली तेवढी स्टिक उलटी बसली. चिखलात नाक. पंखा रुतलेला आणि माझा अंगठा अजून वरच. धूर आला तेव्हा खाली आणला.
जळालेल्या वार्निशचा वास. या वासावर माझं घर चालतं. पाणबुडी मोटर असो की ही बोटभराची, वास एकच.
"मामा, तुमी डावीकडं काहून मारली?"
म्हटलं, सिग्नल तुटला.

१७ नोव्हेंबर
रेंज तपासली. ऐंशी पावलांवरून चारही सर्व्हो हलले. सिग्नल ठीक.

१८ नोव्हेंबर
मोटर उघडली. २२१२, तेरा वेढ्यांची, १००० केव्ही. म्हणजे व्होल्टला मिनिटाला हजार फेरे. आत बारा दात, बाहेरच्या वाटीत चौदा चुंबकं. नवी मागवली तर आठ दिवस, तीही गोंदियाला जाऊन घ्यायची. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरी बांधतो, हिला काय लागतं?
जळकी तार उकलून काढली. दात खरवडले. एकेक तांदळापेक्षा थोडा मोठा.
भाच्याला सांगितलं: वेढे कमी तर फेरे जास्त, करंटही जास्त. दहा वेढे दिले तर सुसाट पळेल आणि बॅटरी तापेल. तेराच घालू.

१९ नोव्हेंबर
दोन दात सुलटे-उलटे एका फेजचे, मग दोन पुढच्या फेजचे, मग पुन्हा. कागदावर मोठ्या अक्षरांत काढून ठेवलं. वेढे मी बोटानं मोजतो. तार दातावर चढताना नखाला एक टिच लागते. तेरा टिचा, पुढचा दात. रात्री अकरापर्यंत.
ही चहा ठेवून गेली. म्हणाली, "लाइट लावा की." लाइट लागलेलाच होता.

२० नोव्हेंबर
मतदान. बोटाला शाई. यंत्रावरची नावं अगदी जवळ जाऊन वाचली. आतल्या बाईला संशय आला असावा.

२२ नोव्हेंबर
मोटर फिरत नाही. नुसती थरथरते, किर्रर्र करते, थांबते. सिरीज बल्ब लावला. कुठं शॉर्ट नाही.
भाच्यानं उजेडाकडं धरून पाहिली. सातव्या दातावर वेढे उलटे.
अठ्ठावीस वर्षांत उलटा वेढा पहिल्यांदा. त्याला म्हटलं, तपासत होतो तुला दिसतं का ते. तो काही बोलला नाही. पोरगा हुशार आहे, हीच अडचण.

२४ नोव्हेंबर
फिरली. आवाज थोडा जाड, पण ओढ पूर्वीएवढीच. नाक नवं चिकटवलं.
डाव्या पंखाला खालून नारिंगी ऑइलपेंट मारला. ट्रॅक्टरचा उरलेला. अकरा ग्रॅम वाढले. वाढू दे.

२६ नोव्हेंबर
नारिंगी पन्नास पावलांपर्यंत नारिंगी. पुढं करडा.

२९ नोव्हेंबर
कोहमारा रस्त्यावर बस उलटली. अकरा माणसं गेली. दिवसभर फोन. उडवलं नाही.

३० नोव्हेंबर
बांधीवर पोहोचलो तर दोन बाया सरवा वेचत होत्या. भाच्याला म्हटलं, त्या जाईपर्यंत थांबू.
"बाया? मामा, सारस होय."
मग ओरडले. नराचा एक सूर, त्यावर मादीचा. दोन फर्लांगावर ऐकू जाईल असा. माणसाएवढा पक्षी, आणि मी त्याला पदर नेसवला.
राज्यातले बहुतेक सारस आता आमच्याच जिल्ह्यात. दर जूनमध्ये वन खातं आणि सेवा संस्थेची पोरं पहाटे बांध्यांमधून त्यांची गणती करतात. विमान पिशवीतून काढलंच नाही. दुसरी बांधी बघावी लागणार.

१ डिसेंबर
नवी बांधी रस्त्याजवळ. तारा आडव्या. वाईट. पण सारसांना नदीकडची हवी आहे आणि ते आमच्या आधीचे.

३ डिसेंबर
चहाच्या टपरीवर एकानं तळपद्यांचं विमान काढलं. १८९५, गिरगाव चौपाटी. पंधराशे फूट म्हणे. मी विचारलं, मोटर कोणती होती? कोणाला ठाऊक नाही. मोटर ठाऊक नसेल तर मी बोलत नाही.

४ डिसेंबर
सकाळी साडेसातला मांडणीवरची भांडी वाजली. मला वाटलं, दुकानात कोणी मोटर लावली. टीव्हीवर भूकंप, तेलंगणातलं मुलुगू, ५.३. गावभर हीच चर्चा. एकजण म्हणाला, तुमच्या विमानानं.

७ डिसेंबर
माळ्यावरची पेटी काढली. नागपूर, १९९१, एनसीसीची एअर विंग. सी सर्टिफिकेट, एक फोटो आणि तारांचा हॅन्डल. लाकूड अजून काळं आहे.
तेव्हा रेडिओ नव्हता आमच्या नशिबी. कंट्रोल लाइन. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, हातात हॅन्डल, त्याला दोन पोलादी तारा, तारांच्या टोकाला विमान. ते आपल्याभोवती गोल फिरतं, आपण त्याच्याबरोबर. कोलकात्याचं अरोरा डिझेल इंजिन. इथर, रॉकेल, एरंडेल. तो वास शर्टाला आठवडाभर. मनगट वर केलं की नाक वर. वारा आला, की तार ढिली पडली, की बोटांना आधी कळायचं. नजर नंतर जायची.
भाच्यानं विचारलं, रेडिओवर पहिलं कोणी उडवलं? म्हटलं, अमेरिकेतले गुड नावाचे जुळे भाऊ, १९३७. विमानाचं नाव गफ. ते अजून तिकडच्या संग्रहालयात आहे.
"आनि तुमचं?"
माझं बाभळीत गेलं.

१० डिसेंबर
एक शेतकरी दुकानात. "ड्रोननं तुडतुड्यावर फवारनी करून देता का?" हे ड्रोन नाही म्हटलं. मग काय कामाचं, म्हणाला. त्याची मोटर दुपारपर्यंत देतो म्हटलं.
रात्री २०२१ चे ड्रोन नियम पुन्हा वाचले, फोनवर, अक्षर मोठं करून. हौशी मॉडेलची व्याख्या: वजन २५ किलोपर्यंत, आणि उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात. फोन बंद केला.

१३ डिसेंबर
उन्हाळी धानाच्या मोटरी यायला लागल्या. आज सहा. दोन पूर्ण जळालेल्या. बांधायला भाचा बसला. मी तार तोडून देतो, वार्निश करतो.

१५ डिसेंबर
पाडलं नाही. पाडता पाडता वाचलं. भाच्यानं न विचारता माझ्या हातातून रिमोट घेतला आणि सरळ केलं. नंतर म्हणाला, "माफ करजा, मामा."
काय माफ करायचं?

१६ डिसेंबर
हिला सांगितलं. तिला दिवाळीपासून ठाऊक होतं. फराळाला बसताना मी पाटाऐवजी पाटाच्या सावलीवर बसलो होतो म्हणे.

१८ डिसेंबर
गोंदिया. डोळ्यात थेंब, मग दोन तास बाकावर. सगळीकडं माझ्यासारखे, धोतरवाले, लुगडंवाल्या, डोळे मिटून. डॉक्टर पोरसवदा. डाव्यात मोतिया पिकलाय, उजव्यात धरतोय. म्हणाले, "काका, काम काय करता?" मोटर वायंडिंग. "अजून?"
विमानाचं सांगितलं नाही. तारीख: २१ जानेवारी.

२१ डिसेंबर
भाचा एकटा. फेकलंही त्यानंच, एका हातानं, दुसऱ्यात रिमोट. मी धुऱ्यावर बसलो.
डोळे मिटून बघितलं. येताना मोटरचा आवाज चढा. डोक्यावरून गेलं की एकदम सूर खाली. येतंय. जातंय. येतंय. एकदाही चुकलो नाही. सातव्या दातामुळं आवाज जाड आहे ते बरंच झालं.
उतरवताना धुऱ्याला पंख घासला. त्याला रागावलो, सवयीनं.

२४ डिसेंबर
एका पोऱ्यानं विचारलं, हे विमान कोनाचं? भाचा म्हणाला, मामाचं. मग विचारलं, मंग उडवते कोन?

२७ डिसेंबर
ढग. शिंतोडे. मळणीच्या ढिगांवर ताडपत्र्या. उडवणं नाही. उरलेल्या सनबोर्डमधून एक लहान पंख कापला. भाच्याला कशासाठी ते सांगितलं नाही.

२ जानेवारी २०२५
सपाट धड, सपाट पंख, ६० सेंटीमीटर. पोटात एक त्रिकोणी पट्टी, खिळ्यावर फिरणारी. तिला दोन तारा, तिथून स्पोक शेपटीच्या पाळीला. बस. सर्व्हो एकही नाही.
तारेसाठी वणवण. ब्रेकची केबल जाड. वायंडिंगचं तांबं ताणतं. शेवटी गोंदियात वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडं पोलादी तार मिळाली. तो म्हणाला, कोणतं वाद्य?

८ जानेवारी
बारा मीटरच्या दोन तारा, सारख्या लांबीच्या. सारखं करायलाच दोन संध्याकाळी गेल्या. दाराच्या कडीला एक टोक, अंगणाच्या खांबाला दुसरं. ही कपडे वाळत घालायला निघाली होती.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ. भाच्यानं शोधून काढलं की मोटर रेडिओवरच ठेवायची. पंखा त्याच्या हातात, शेपूट माझ्या. मला सुचलं नव्हतं.

१९ जानेवारी
नदीकडच्या बांधीत. सारस पलीकडच्या पाण्यात होते, भाचा बघून आला.
मधोमध उभा राहिलो. त्यानं विमान धरलं, तारा ताणल्या. "सोडू का?" सोड.
ओढ.
तीस वर्षांनी तीच ओढ, मनगटापासून खांद्यापर्यंत. उन्हात काही दिसत नव्हतं. एक पांढरी रेघ कधी दिसे, कधी नाही. मनगट उचललं, चढलं. टेकवलं, उतरलं. सात फेऱ्या. आठव्या फेरीला बांधी फिरायला लागली आणि मी धसकटांत बसलो. भाच्यानं मोटर बंद केली. विमान आपणहून उतरलं, तारा माझ्या कानटोपीत अडकल्या.
"मामा, लागलं काय?"
पुन्हा लाव, म्हटलं. त्यानं लावलं नाही.

२० जानेवारी
उद्या पहाटे निघायचं. महिनाभर धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, वजन नाही. परवा नदीकडच्या बांधीत पाणी सोडतील, रोवणी सुरू.
भाच्याला सांगितलं: दोन्ही बॅटऱ्या सेलला ३.८ व्होल्टवर ठेव. पूर्ण भरून ठेवल्या तर फुगतात. आणि तारा गुंडाळताना पीळ पाडू नको.