वीणा खाली ठेवायची नाही

माझी नात स्वीडनमध्ये उप्सालाला असते. वय वर्षं ११. गेल्या वर्षापासून ती एक वाद्य शिकते आहे, त्याचं नाव निकेलहार्पा. नावात हार्प असलं तरी चित्रात दिसते ती उभी हार्प ही नव्हे. मंडळी, सोपं करून सांगतो. बुलबुलतरंगाच्या कळा, सारंगीचा गज आणि सतारीच्या तरफा एकाच लाकडी वाद्यात बसवा आणि ते पट्ट्यानं गळ्यात अडकवा. झाली निकेलहार्पा! आजच्या वाद्याला बहुधा १६ तारा असतात. त्यातल्या १२ तरफांच्या. गज त्यांना लागत नाही, त्या आपल्या आपण झंकारतात.

उन्हाळ्यात तिकडे लोकवाद्यं वाजवणाऱ्यांचे मेळावे भरतात. यंदा लेक तिला घेऊन गेली होती. फोनवर नात भरभरून सांगत होती. कार्यक्रम मंचावर असतो, पण खरी गंमत म्हणे मंचाबाहेर. झाडाखाली, गाड्या उभ्या करतात तिथे, कुठेही दोघं-तिघं उभे राहतात आणि वाजवायला लागतात. येणारा जाणारा आपलं वाद्य काढून त्यात मिसळतो. ही मागे उभी राहून जमेल तेवढं वाजवत होती. चुकत होती, पण कुणी तिला "बाजूला हो" म्हटलं नाही.

या मेळाव्यांची गोष्ट वाचण्यासारखी आहे. जुनी शिंगं, कर्णे, चाली विसरल्या जातील या काळजीनं आंडेश सॉर्न या चित्रकारानं १९०६ मध्ये गेसुंडा इथे खेड्यातल्या वादकांची स्पर्धा भरवली. पुढे १९१० मध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सेनमध्ये देशभरातले वादक जमले, तेव्हा स्पर्धा नव्हती. नुसतं एकत्र येऊन वाजवायचं. निकेलहार्पाचीही गत मध्यंतरी वाईट होती, वाजवणारे थोडे उरले होते. एरिक सालस्ट्रम (१९१२-१९८६) या वादकानं स्वतः वाद्यं बनवली, वाजवली, दुसऱ्यांना शिकवली. आज ती हजारो लोक वाजवतात. त्यात हौशीच जास्त.

सगळं सांगून झाल्यावर नातीनं विचारलं, "आजोबा, तुमच्या मुळशीत असं काही असतं का?"

आता आमच्याकडे ढोल-लेझीम आहे, भजनी मंडळ आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर आली ती हरिनाम सप्ताहातली वीणा. ज्यांनी सप्ताह पाहिला नाही अशा धाकट्या वाचकांसाठी सांगतो. पहाटेचा काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर, असा सात दिवसांचा क्रम. या सगळ्या काळात देवळातली वीणा जमिनीवर टेकवायची नाही. ती सतत कुणाच्या तरी गळ्यात हवी. दोन तासांचा एक पहारा धरला तर दिवसाचे १२, सात दिवसांचे ८४. पहारा बदलताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. मग देणारा बाप असो की घेणारा त्याचाच मुलगा. ही वीणा वाजवायला राग यावा लागत नाही. तारा छेडायच्या, सुरात सूर ठेवायचा आणि नाम घ्यायचं. आमच्याकडे गुराख्यानं, शिंप्यानं, गणिताच्या मास्तरानं (म्हणजे मीच), सगळ्यांनी ती गळ्यात घेतली आहे.

हे मी नातीला सांगितलं, पण मनाला एक रुखरुख होती. गेल्या वर्षी आमच्या सप्ताहात रात्री बारा ते चारचे पहारे भरता भरेनात. जमिनी गेल्या, बंगले आले. पोरं हिंजवडी, पिरंगुटला कामाला. रात्रपाळी करून आलेल्याला "ये, वीणा धर" कसं म्हणायचं? तीन रात्री एका सत्तरीच्या गृहस्थांनी चार तास एकट्यानं काढले. मग बैठकीत सूचना आली की मानधन देऊन बाहेरून शिकलेली मुलं आणावीत. सूचना वाईट नव्हती. ती मुलं आमच्यापेक्षा सुरेल वाजवतील, यात शंका नाही.

तरी मी विरोध केला, आणि त्याचं कारण भाज्याच्या लेण्यात आहे. मुळशीतून पवन मावळ ओलांडलं की लोहगडाच्या पायथ्याशी ही लेणी. शाळेच्या किती सहली मी तिथे नेल्या! साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या विहारात राजापुढे एक नर्तकी आहे आणि जवळ एक वादक. त्याच्या हातात धनुष्याच्या आकाराची वीणा, म्हणजे चक्क हार्प. समुद्रगुप्तानं तीच मांडीवर घेऊन नाण्यावर स्वतःला कोरून घेतलं. इतका मान! पुढे ती आपल्याकडून जवळजवळ नाहीशी झाली. तिचं भावंड ब्रह्मदेशात 'सौंग' या नावानं अजून वाजतं. आपल्याकडे मात्र ती बघायला दगडापाशी जावं लागतं. राजाश्रयानं वाद्य मोठं होतं, पण टिकतं ते हातोहात गेल्यानं, असं मला वाटतं. पहारा विकत घेतला की वीणा वाजत राहील, आपण मात्र ऐकणारे होऊ.

बैठकीत बराच वेळ शांतता होती. मग महिला मंडळातल्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, "दिवसा आम्ही वीणा घेतोच की. रात्रीचे पहारे आमच्या नावावर लिहा." दोघा-चौघांनी कुरकुर केली, पण कागदावर नावं चढली. यंदाच्या पत्रिकेत ती छापून येतील. परवा दोन पोरांनीही विचारलं, "सर, सुट्टीच्या वारी आलो तर चालेल ना? वाजवता येत नाही पण." मी म्हटलं, "वीणा गळ्यात घे, येईल."

असो. ८४ पैकी ७९ पहारे भरले आहेत. पाच अजून रिकामे आहेत, सगळे पहाटे दोन ते चारचे. पुण्या-मुंबईच्या भाचे-पुतण्यांनो, वाचताय ना? झोपायची सोय माझ्याकडे आहे. चहाही मिळेल.