भाच्याची गाडी आणि टर्बोचं तेल



आज जरा वेगळा विषय. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता टर्बो असलेली गाडी आहे आणि त्यातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊकही नाही. डिझेल गाडी असेल तर टर्बो आहे असंच समजा. हल्लीच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांतही तो असतो. १९९८ साली इंडिका आली तेव्हा तिच्या डिझेल इंजिनाला टर्बो नव्हता. २००७ ला स्विफ्ट डिझेल आली तिला होता. आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांत ही वस्तू शिरली ती साधारण त्या सुमाराला.

मी कॉमर्सचा माणूस. छत्तीस वर्षं बँकेत काढली. पाना-पेचकस हातात धरायची वेळ कधी आली नाही. तरी ह्या विषयात शिरावं लागलं, कारण गाडी भाच्याची होती आणि कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही माझी होती. जन्मभर लोकांना सांगत आलो की जामीन राहताना दहादा विचार करा. भाच्यासाठी अकराव्यांदा विचार केला आणि सही केली. त्याचे वडील लवकर गेले. बहिणीनं शिवणकाम करून दोन्ही मुलं वाढवली. हे सगळं मला माहीत असताना बँकेचे नियम तिला काय ऐकवायचे?

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक झालं आणि आपल्या गावाचा नूरच पालटला. तुम्ही सगळे बघताच आहात. शनिवार-रविवारी गल्लीतून दुचाकी काढणं मुश्किल. भाच्याला त्यात धंदा दिसला. २०२३ च्या सुरुवातीला त्यानं एक जुनी डिझेल सेडान घेतली, पाच वर्षांच्या कर्जावर. उज्जैन-ओंकारेश्वर, इंदूर विमानतळ, कधी मांडू. महाकाल आणि ओंकारेश्वर ही दोन ज्योतिर्लिंगं एका दिवसात करायची म्हणून लोक येतात, त्यामुळे त्याला बसायला वेळ नसे. हप्ता वेळेवर जात होता.

२०२४ च्या मे महिन्यात ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाटात गाडी शिट्टी मारायला लागली. साधी शिट्टी नाही, पोलिसांच्या सायरनसारखी, अॅक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी. मग ओढ गेली, मागून निळा धूर. आत नागपूरचं कुटुंब, आजीबाई सोबत. त्यांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं, गाडी टोचन करून उज्जैनला आणली. वर्कशॉपनं सांगितलं, “टर्बो गया, नया डालना पड़ेगा.” एक्केचाळीस हजार आणि वर मजुरी. टाकला. एकोणीस दिवसांनी, पुन्हा त्याच घाटात, तीच शिट्टी.

आता इथे थोडं समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मलाही हे नंतरच कळलं.

इंजिनातून जो तापलेला वायू सायलेन्सरकडे जातो तो टर्बोमध्ये एक चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, म्हणून त्याच इंजिनातून जास्त ताकद. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरनं १९०५ साली ह्याचं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांच्या घरात गेली. अडचण आहे ती वेगाची. इंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेतं. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा दीड-दोन लाख फेरे घेतो. पेन्सिलीएवढा तो दांडा, आणि एका बाजूला सातशे-आठशे अंशांचा वायू. एवढ्या वेगाला हा दांडा बहुतेक गाड्यांत बॉल बेअरिंगवर नसतो, पितळी बुशात तेलावर तरंगत असतो. तेलाचा थर केसापेक्षाही कितीतरी पातळ. तोच वंगण आणि तोच बराचसा गारवा. तेल काही सेकंद जरी आलं नाही तरी धातूला धातू घासतो आणि खेळ खलास. हे तेल वेगळं नसतं बरं का. इंजिनाचंच तेल, एका बारीक नळीतून पंपाच्या दाबानं वर येतं आणि रुंद नळीतून आपोआप खाली चेंबरमध्ये पडतं.

दुसऱ्यांदा टर्बो गेल्यावर वर्कशॉपनं हात वर केले. म्हणाले, ड्रायव्हरची चूक आहे, घाट चढून आल्यावर लगेच गाडी बंद करतो, वॉरंटी मिळणार नाही. आता ह्यात अर्धं तथ्य असतं हे कबूल. इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो, पण टर्बोचा तापलेला दांडा थांबायला वेळ घेतो आणि त्याच्या भोवतीचं कवच लालबुंद असतं. आत अडकलेलं तेल जळून त्याची काजळी होते. कढईच्या बुडाला जळलेलं तेल चिकटतं ना, तीच जात. दर वेळी थोडी थोडी जमत जाते आणि बारीक नळी आणखी बारीक होते. ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाट पूर्ण भरलेल्या गाडीनं, एसी लावून, मे महिन्यात चढायचा आणि वर येताच पहिल्या चहाच्या टपरीवर खटकन किल्ली फिरवायची, हे टर्बोला मारायचं उत्तम साधन आहे. तिकडे सेंधव्याजवळ बिजासनीच्या घाटातही तेच. चढ चढून आलेल्या गाड्या दर्शनाला थांबतात आणि देवीसमोर इंजिनं एकदम बंद होतात.

पण एकोणीस दिवसांत? नवीन टर्बो? तेवढ्या दिवसांत काजळी जमून नळी बंद होईल हे माझ्या बुद्धीला पटेना. बँकेत एखादं खातं दुसऱ्याच महिन्यात बुडालं तर आम्ही कर्जदाराला शिव्या घालत नसू, आधी मंजुरीची फाईल उघडत असू. मी म्हटलं, पहिलं बिल दाखव.

बिलात टर्बो होता, गास्केट होतं, मजुरी होती. तेल नव्हतं. ऑइल फिल्टर नव्हता. तेलाची नळी नव्हती. दोनदा वाचलं. मग भाच्याला विचारलं, टर्बोचा खोका कुठे आहे? सुदैवानं त्यानं तो डिकीत टाकून ठेवला होता. आत एक घडी घातलेला कागद, चार-पाच भाषांत. हिंदीतही होता. त्यात स्पष्ट लिहिलेलं: जुना टर्बो का गेला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नये, तेल आणि फिल्टर बदलावा, तेलाची नळी बदलावी, तेलाच्या जोडांवर सीलंट लावू नये, आणि बसवल्यावर आधी टर्बोत तेल भरून मगच इंजिन चालू करावं. बारीक अक्षरांचे कागद वाचायची सवय नोकरीत लागली, ती अशी कामी आली.

तोपर्यंत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आले होते, देवासचे, माझे जुने खातेदार. देवास म्हटलं की आपल्याला टेकडीवरची माता आणि नोटांचा छापखाना आठवतो, पण तिथे ट्रकांचे टर्बो बनवणारा टाटा-होल्सेटचा कारखानाही होता, पुढे तो कमिन्सच्या नावाखाली आला. हे गृहस्थ अशाच कामात आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांनी मेलेला टर्बो हातात घेतला, दांडा बाहेर काढला आणि मला दाखवला. बेअरिंगच्या जागी दांडा निळा-काळा पडला होता, उन्हात तापलेल्या लोखंडी पत्र्याला येतो तसा नाही, भट्टीतून काढल्यासारखा. बुशावर ओरखडे. म्हणाले, “साहेब, ह्याला तेल मिळालंच नाही. पंखा शाबूत आहे, म्हणजे बाहेरून काही आत गेलेलं नाही. उपाशी मेला.” मग त्यांनी इंजिनाखालचं चेंबर खोलायला सांगितलं. वर्कशॉपवाल्यांनी जरा कुरकुर केली, पण मी कागद हातात धरून उभा होतो.

चेंबरच्या तळाशी जी जाळी असते, जिच्यातून पंप तेल ओढतो, ती काळ्या चिखलानं लिंपलेली होती. मळलेल्या वंगणासारखा घट्ट चिखल, आणि त्यात लाल रबरासारखे बारीक तुकडे. ते सीलंटचे. गाडीच्या आधीच्या मालकानं कधीतरी चेंबर खोललं असेल, बसवताना कुणी हात सैल सोडून सीलंट थापलं, ते आतून सुटून जाळीत येऊन बसलं. चिखल आला तो तेल वेळेवर न बदलल्यामुळे आणि हलक्या, सुट्या तेलामुळे. टर्बोची बारीक नळी काढून फुंकली तर जेमतेम हवा जाईना. त्याच नळीवर दुसरा टर्बो बसवला होता! पहिला जसा मेला तसाच दुसरा मरणार, त्यात ड्रायव्हर काय करणार?

भांडण मी केलं नाही. बिल, खोक्यातला कागद आणि ती जाळी टेबलावर ठेवली आणि मॅनेजरला एवढंच विचारलं की ह्यात ड्रायव्हरची चूक कुठल्या ओळीत आहे ते दाखवा. तासाभराने तडजोड झाली. तिसरा टर्बो त्यांनी निम्म्या किमतीत दिला, मजुरी घेतली नाही. चेंबर धुतलं, नवी जाळी, नवी नळी, नवं तेल, नवा फिल्टर. टर्बो बसवताना देवासचे गृहस्थ स्वतः उभे होते. वरच्या भोकातून स्वच्छ तेल ओतलं, हातानं चाक फिरवलं, मग डिझेल तोडून नुसता स्टार्टर मारला. खालची परतीची नळी बाटलीत सोडली होती. बाटलीत तेलाची धार दिसल्यावरच इंजिन चालू करू दिलं. ते पाहिल्यावर पहिल्यांदा मला बरं वाटलं. दोन महिन्यांचे हप्ते मी भरले, ते भाच्यानं दिवाळीआधी परत केले. बहिणीला आकडा अजून माहीत नाही. ती ह्या समूहावर नाही म्हणून लिहितो आहे.

आता रोजचं. सकाळी गाडी चालू केली की अर्धा मिनिट थांबायचं, रेस मारायची नाही, पहिले दोन-तीन किलोमीटर हळू. घाट किंवा हायवे जोरात चालवून थांबलात तर बंद करण्याआधी एक-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवायचं. फ्रीगंजमधून भाजी घेऊन रेंगाळत घरी आलात तर थांबायची काही गरज नाही, टर्बो वाटेतच निवलेला असतो. काही जण दारात दहा-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून धूर सोडतात, ते उगाच. तेल पुस्तकात लिहिलेल्याच दर्जाचं, सीलबंद. टॅक्सीसारखी राबणारी गाडी असेल तर लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच बदला. लाल तेलाचा दिवा लागला तर तिथेच, रस्त्याच्या कडेला बंद. “पुढच्या गावापर्यंत जाऊ” हे वाक्य फार महाग पडतं. एक गोष्ट गंमतीची: लाल दिव्याला एक क्षण थांबायचं नाही आणि एरवी मिनिटभर थांबायचं, हे भाच्याला समजावताना माझीच जीभ अडखळली होती.

जुनी डिझेल गाडी घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की रंग आणि सीटकव्हर नंतर बघा. आधी तेल बदलल्याची बिलं मागा. बिलं नसतील तर सौद्यातून चार-पाच हजार वेगळे काढा आणि गाडी घरी आणण्याआधी चेंबर खोलून जाळी बघा. मेकॅनिक नको म्हणाला तरी बघा.

भाच्याच्या गाडीनं त्यानंतर नव्वद हजार किलोमीटर पार केले. तेलाची वही मी ठेवतो, तारीख, किलोमीटर, तेलाचा प्रकार, फिल्टर, सगळं. सिंहस्थ २०२८ च्या आधी कर्ज फिटतं. भेरूघाट चढून वर आलं की चहाला थांबतो, लोक उतरतात, गाडी चालूच असते. कुणीतरी विचारतंच, “भैया, गाड़ी बंद क्यों नहीं की?” तर म्हणतो, “मामाजी का ऑडिट चल रहा है.”