बसण्याची उंची

गाडी घ्यायला निघताना लोक काय घेऊन निघतात मला ठाऊक नाही. मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन निघाले होते.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. गुडघे बरे होते, पण कंबरेनं साथ सोडायला सुरुवात केली होती. आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये बसताना ती आधी पाठमोरी उभी राहायची, डोळे मिटायची आणि स्वतःला खाली सोडून द्यायची. उतरताना मी तिचे दोन्ही हात धरून ओढायची. मेव्हण्यांची मोठी एसयूव्ही एकदा मागून आणली, तर तिच्यात चढवायला प्लॅस्टिकचं स्टूल लागलं. ऐंशी वर्षांच्या बाईला सोसायटीच्या गेटवर, वॉचमनच्या देखत स्टुलावर चढवायचं! ती चढली, पण परतताना म्हणाली, "आता दवाखान्याशिवाय कुठं नको नेऊस गं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ते पाळलं तर तिच्या दिल्लीत मयूर विहारचं घर, दवाखाना आणि मधले अकरा किलोमीटर एवढंच उरणार होतं.

मग मी मोजमापं घेतली. जेवणाच्या टेबलाजवळची तिची खुर्ची आम्ही पायांखाली लाकडी ठोकळे लावून उंच केली होती. ती जमिनीपासून एकवीस इंच भरली. हॅचबॅकची सीट अठरा, मेव्हण्यांच्या गाडीची एकतीस. मला हवी होती बावीस-तेवीस इंचांवर सीट असलेली गाडी, जिच्यात उतरावंही लागणार नाही आणि चढावंही लागणार नाही, नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. शिवाय दार रुंद उघडायला हवं आणि डिकीत घडीची व्हीलचेअर मावायला हवी.

अशा उंचीच्या देशी गाड्या होत्या, नाही असं नाही. पण ते २०२२ साल होतं. चिपच्या तुटवड्यामुळे नव्या गाड्यांना महिनोन्‌महिने थांबावं लागत होतं. त्यांतली एक आईला बसवून चालवून पाहिली. सीटची उंची बरोबर होती, पण पहिल्याच गतिरोधकावर मागून "आई गं" ऐकू आलं, दुसऱ्यावर तेही नाही, नुसता श्वास अडकल्याचा आवाज. त्याच आठवड्यात शेजारच्यांनी त्यांच्या जर्मन गाडीतून आम्हाला दवाखान्यातून घरी सोडलं. तेच गतिरोधक, तेच खड्डे, आणि आई मागे चक्क झोपलेली. सीट टेपनं मोजली. तेवीस इंच.

त्या वर्गाच्या गाड्यांची, म्हणजे ऑडीची क्यू३, बीएमडब्ल्यूची एक्स१, मर्सिडीजची जीएलए यांची नवी किंमत मी स्वप्नातही विचारली नसती. पण अशा गाड्यांची किंमत पहिल्या पाच-सहा वर्षांत घसरगुंडीवरून खाली येते. पस्तीस लाखांची गाडी दहा लाखांत समोर उभी राहते, आणि माणसाला वाटतं, नशीब उघडलं. आमच्या घरात 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे वाक्य पाढ्यांसारखं पाठ करून घेतलेलं. तेव्हा बोनेटवरच्या त्या चिन्हाकडे पाहून मलाच लाजल्यासारखं होत होतं. थोडी हौसही होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ऑक्टोबरात करोल बागेत गेले. ओळीनं उभ्या, पुसूनपासून चकाकणाऱ्या गाड्या. पहिलीच मनात भरली. २०१५ची, डिझेल, पांढरी, आठ लाख. विक्रेता आईला म्हणाला, "माताजी, जहाज है, जहाज." आई बसली, उतरली, पुन्हा बसली. कुणाचा हात न धरता.

मी चेक लिहायच्या बेतात होते. सोबत आलेल्या मेकॅनिकनं मात्र मला बाजूला घेतलं. पूर्व दिल्लीतल्या एका गल्लीत त्याचं दुकान आहे आणि आमची हॅचबॅक त्याच्याच हातची. तो म्हणाला, "मॅडम, इसकी उमर कितनी बची है?"

दिल्लीत तेव्हा गाडीलाही आयुष्याची मर्यादा होती. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५च्या आदेशानं दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना राजधानी परिसरात बंदी आली, पेट्रोलला पंधरा वर्षं मिळाली. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये ते कायम केलं. म्हणजे त्या पांढऱ्या गाडीला जेमतेम अडीच वर्षं उरली होती. पुढे ना-हरकत दाखला काढून तिला दुसऱ्या राज्यात विकायचं, नाहीतर भंगारात. आठ लाखांचं कोडं तिथं सुटलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "अडीच वर्षं ना? मला पुरेल की."

मी चिडले. उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच भांडी घासत बसले. ती विनोदानं म्हणाली होती की हिशेबानं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

पुढच्या महिन्यात निर्णय आपोआपच झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हवा इतकी बिघडली की बीएस-४ डिझेल गाड्या दिल्लीत रस्त्यावर आणायला मनाई झाली. दंड वीस हजार. ती पांढरी गाडी बीएस-४च होती. आईचा दमा ज्या दिवसांत उसळतो, दवाखान्यात धावावं लागतं, नेमक्या त्याच दिवसांत ती गाडी दाराशी बांधून ठेवावी लागली असती. शिवाय आपला धूर आपल्याच माणसाच्या छातीत जातो, हे कळायला मला एका बंदीची वाट पाहावी लागली होती.

तेव्हा पेट्रोल ठरलं. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत मेकॅनिकनं मला जे शिकवलं ते कुठल्याही अभ्यासक्रमात मिळालं नसतं. गाडी पाहायला गेल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर मालकानं ती आधीच चालू करून ठेवली आहे, थंड इंजिनाची खरखर लपवायला. टायरवर चार आकडे असतात. ३११७ म्हणजे २०१७चा एकतिसावा आठवडा. गाडी चाळीस हजार किलोमीटर चालली म्हणतात आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, तर विचारायचं, का? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहायचा. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला माती राहते. बोनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलेला आहे. स्कॅनर लावल्यावर एकही दोष दिसत नाही, पण गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही अपुऱ्या दिसतात, म्हणजे दोष कालपरवाच पुसलेले आहेत. किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडायचा, जुन्या विम्यात किती दावे झाले ते पाहायचं, कर्ज फिटलं असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ मागायचा, थकलेली चलनं तपासायची.

आणि सगळ्यात शेवटी त्यानं सांगितलं, "गाडी सेकंडहँड मिलती है, मॅडम, पार्ट नहीं." दहा लाखांच्या गाडीला पार्ट पस्तीस लाखांच्या गाडीचेच लागतात. म्हणून किंमत ठरवतानाच दीड लाख बाजूला काढून विसरून जायचे. ते काढता येत नसतील, तर ती गाडी आपली नव्हे.

पाच गाड्या नापास झाल्या. एक बुडालेली, एक ठोकलेली, एकीचा आकडा मागे फिरवलेला. चौथीच्या सनरूफमधून पाणी झिरपून छताचं अस्तर पिवळं पडलं होतं. पाचवी निर्दोष होती, पण जादा टायर डिकीतच वर ठेवलेला, व्हीलचेअर मावेना.

सहावी डिसेंबरात मिळाली. २०१७ची, एकच मालक, सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. बोनेट थंड, कागद फाइलमध्ये तारखेनुसार लावलेले, दोन्ही किल्ल्या हजर. मेकॅनिक तासभर तिच्याखाली होता. बाहेर आला तो समाधानानं. मग त्यानं डाव्या बाजूचं मागचं दार उघडून उंबरठ्याच्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथं ओरखडेच ओरखडे होते, सगळे एकाच जागी, आडवे. "यहाँ दस हजार कम कराओ," तो हळूच म्हणाला.

मी वाकून पाहिलं आणि मला ते ओळखू आले. आमच्या हॅचबॅकलाही तसेच होते, नेमके त्याच जागी. माणसाला आत बसवून वॉकर बाहेर घेताना त्याचे पाय तिथं घासतात.

गृहस्थ मी पाहते आहे हे पाहत होते. म्हणाले, "मेरी वाइफ... आदत नहीं हुई उन्हें वॉकर की." वाक्य भूतकाळातलं होतं. मी आईकडे पाहिलं. ती टेप वगैरे काही न मागता पुढे झाली, दाराच्या वरचं हँडल धरलं, टेकली, पाय आत घेतले. "इथं कुणीतरी नीट बसत होतं," ती मला मराठीत म्हणाली. दहा हजार मी मागितले नाहीत. मेकॅनिक परतीच्या वाटेवर बराच वेळ माझ्याशी बोलला नाही.

हिशेब विचाराल तर सांगते. पहिल्याच उन्हाळ्यात कूलंट गळायला लागलं, बासष्ट हजार गेले. टायरांचा एक जोड, बॅटरी. बाजूला काढलेल्या दीड लाखातले थोडेच उरले. शहरात लिटरला नऊ-दहाच्या वर किलोमीटर जात नाही. थोडं थांबून देशी नवी गाडी घेतली असती तर हे वाचलं असतं, असं माझा भाऊ पुण्याहून फोन करून सांगतो, आणि त्याचं आकड्यांत काही चुकत नाही.

पण त्या सप्टेंबरात आई पहाडगंजच्या गणपतीला गेली, तीन वर्षांनी. आता आयएनए मार्केटातून अळूची पानं स्वतः निवडून आणते. मी नेलेली तिला पसंत पडत नसत. परवा दवाखान्यातून निघताना म्हणाली, "सरळ घरी कशाला? इंडिया गेटवरून घे."

मागच्या दाराच्या त्या पट्टीवर आता आमचेही ओरखडे पडले आहेत. मेकॅनिक म्हणतो, पट्टी नवी बसवून देतो, साडेचार हजारात. मी म्हटलं, राहू दे.