ओइनोअंडाच्या म्हाताऱ्याची भिंत

ग्रीक तत्त्वज्ञान पाहायला लोक अथेन्सला जातात, आणि तिथे पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. प्लेटोच्या अकादमीच्या जागी झाडांखाली मुले खेळतात. अ‍ॅरिस्टॉटलच्या लायसियमचे पाये 1996 साली एका इमारतीसाठी खोदकाम करताना लागले. एपिक्यूरसच्या बागेचा तर मागमूसही नाही. ज्याला तत्त्वज्ञान दगडावर कोरलेले हवे असेल, त्याने एजियन समुद्र ओलांडून तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात यावे, फेथियेचा किनारा आणि तिथली सहलीच्या बोटींची गर्दी मागे टाकावी आणि डोंगरात शिरून इंजेअलिलेर या खेड्यापर्यंत गाडीने यावे. पुढे पायी. वर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1400 मीटरवर, ओइनोअंडा नावाचे मोडके शहर आहे.

चढ दमछाक करणारा आहे आणि वर तिकीटघर नाही, चहाची टपरी नाही, पाटीही धड नाही. नाट्यगृहाच्या पायऱ्यांमधून झाडे उगवली आहेत. पाणी आणणाऱ्या नळाचे दगड उतारावर पसरले आहेत. अशा आडरानात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात डायोजेनिस नावाच्या एका श्रीमंत म्हाताऱ्याने गावच्या ओवरीच्या भिंतीवर एपिक्यूरसचे संपूर्ण तत्त्वज्ञान कोरून घेतले. सूत्रे नव्हेत, सारांशही नव्हे, जवळजवळ ग्रंथच. भिंतीची लांबी सुमारे 80 मीटर आणि मजकूर अंदाजे 25,000 शब्दांचा, असे अभ्यासक मानतात. अणू, पोकळी, तारे, स्वप्ने, इच्छा, मरण, सगळे त्यात आहे. वार्धक्यावरचा लेख सर्वांत वरच्या रांगांत होता आणि खालून वाचता यावा म्हणून त्याची अक्षरे मोठी काढली होती. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांची काळजी म्हाताऱ्यानेच घेतली, असे मी मनात म्हणून टाकले.

पिंपात राहणारा तो प्रसिद्ध डायोजेनिस हा नव्हे. याच्याविषयी जे काही कळते ते या भिंतीवरूनच कळते. दुसऱ्या कुठल्याही ग्रंथात त्याचा उल्लेख नाही. तो सांगतो, की आपले आयुष्य मावळतीला आले आहे. लोक खोट्या समजुतींच्या साथीने आजारी आहेत, कळपातल्या मेंढ्यांसारखा एकाचा रोग दुसऱ्याला लागतो आहे. एकेकाला गाठून समजावण्याइतका वेळ हाती नाही, म्हणून औषध ओवरीत मांडून ठेवले आहे. येईल त्याने घ्यावे. हे सगळे गावकऱ्यांसाठी, अजून जन्मायचे आहेत त्यांच्यासाठी आणि परक्यांसाठीही. परके हे नुसते म्हणायला, कारण सगळी पृथ्वी मिळून एकच देश आहे, असे त्याचे म्हणणे. आपल्याला कुणी 1900 वर्षांपूर्वीच आमंत्रण देऊन ठेवले आहे, हे कळल्यावर चढाचा शीण बराच कमी झाला.

पण हे लोक ग्रीक होते का? इथे खरा गोंधळ सुरू होतो. अथेन्स इथून समुद्रापलीकडे, आणि हा भाग लिशियाचा. लिशियन लोकांची स्वतःची भाषा होती, स्वतःची लिपी होती. फेथियेच्या संग्रहालयात लेटूनच्या देवळापाशी 1973 साली सापडलेला एक दगड आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात एका नव्या देवाची पूजा सुरू करताना तो उभारला. एका बाजूला लिशियन, दुसऱ्या बाजूला ग्रीक, अरुंद बाजूवर इराणी साम्राज्याची अ‍ॅरेमाइक. मग अलेक्झांडर आला आणि त्यानंतर दोन-तीन पिढ्यांत लिशियनमध्ये लेख कोरणे थांबले. तलवारीने भाषा मेली असे म्हणता येत नाही. कचेरी, व्यायामशाळा, नाटक, बाजार यांची भाषा ग्रीक झाली आणि घरातली हळूहळू विझली. डायोजेनिसच्या काळात या डोंगरावर ग्रीकच चाले, तीही रोमन सम्राटांच्या अमलाखाली. त्याच सुमारास कार्ल्याच्या लेण्यात यवन, म्हणजे ग्रीक, दाते खांबांवर आपले दान प्राकृतात, ब्राह्मी लिपीत कोरून घेत होते. ग्रीकपण कुठे दुसऱ्यांना गिळत होते आणि कुठे स्वतःच विरघळत होते.

ओवरी आज उभी नाही. 1884 साली फ्रेंच अभ्यासकांना पहिले तुकडे मिळाले. 1968 पासून मार्टिन फर्ग्युसन स्मिथ या इंग्रज विद्वानाने त्यांच्यामागे आयुष्य घातले. पुढे जर्मन पथकाने भर घातली. आता सुमारे 300 तुकडे जमले आहेत आणि तरी मजकुराचा मोठा भाग अजून हाती लागलेला नाही. ओवरी मोडल्यावर तिचे दगड लोकांनी जिथे लागतील तिथे वापरले, तटबंदीतसुद्धा. यातली गंमत अशी, की डायोजेनिसने एके ठिकाणी सुवर्णकाळाचे चित्र रंगवले आहे. माणसे शहाणी झाली तर न्याय आणि स्नेह नांदेल, तटांची आणि कायद्यांची गरजच उरणार नाही, आपणच नांगरू, आपणच पाणी वळवू. त्या भिंतीचे चिरे पुढे तटात गेले!

जुन्या तटाचा एक तुकडा मात्र अजून ताठ उभा आहे, आणि त्यावर दुसराच मजकूर आहे: क्लारोस इथल्या अपोलोचा कौल. देव म्हणजे काय, या प्रश्नाला अपोलोने उत्तर दिले, की तो स्वयंभू आहे, कुणी शिकवलेला नाही, त्याला आई नाही. आम्ही त्याचे दूत, त्याचे लहान अंश. पहाटे पूर्वेकडे तोंड करून त्याची प्रार्थना करा. खाली क्रोमातिस नावाच्या एका बाईने त्या परमोच्च देवाला दिवा वाहिल्याचा लहानसा लेख आहे.

डायोजेनिसला हे पटले नसते. देव आहेत, पण त्यांना आपल्या भानगडीत रस नाही, आणि कौल दुअर्थी असतात, हे त्याने भिंतीवर लिहूनच ठेवले होते. मूर्तिकारांनी देव हसरे घडवावेत, म्हणजे पाहणारा घाबरणार नाही, उलट हसेल, अशीही त्याची सूचना होती. वादात माझे मत त्याच्याच बाजूने पडते. पण कौल तटाच्या अंगावर होता म्हणून जागचा हलला नाही, आणि त्याच गावात तत्त्वज्ञानाच्या मोडलेल्या ओवरीचे चिरे नंतरच्या तटात गेले. आज वर चढणाऱ्याला कौल अखंड वाचता येतो. डायोजेनिससाठी मात्र स्मिथची पुस्तके उघडावी लागतात.